सुमेधची सीट

१ जुलै, मंगळ.
शाळा सुरू. सकाळी सुमेधले पोहे दिले, पंखा लावला, बाहेरून कुलूप घातलं. दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू बारा वाजता खिडकीतून पाहतात अन् मले मिस कॉल देतात, म्हणजे ठीक आहे.
मी तिथं दुसरीच्या पोरांना शिकवते अन् इथं माझा एकोणीस वर्षांचा लेक कुलपात. सवय झाली. पह्यले अर्ध्या रस्त्यातून परत येऊन कुलूप पाहायची, आता नाही.
इथल्या, अमरावतीच्या विशेष शाळेनं अठरा पूर्ण झाल्यावर फूल दिलं, फोटो काढला, घरी पाठवलं. जसं काही त्याचा ऑटिझम त्याच दिवशी संपला.

५ जुलै, शनि.
अकोल्यात केंद्र पाहून आलो. पालकांनीच चालवलेलं, अठराच्या वरची पोरं. मसाल्याची पाकिटं भरतात. सु. वजनकाट्यापुढून उठेच ना. आकडा बरोबर आला की मान हलवायचा. घरी अशी मान हलवलेली आठवत नाही.
तिथल्या ताई चांगल्या. फार गोड बोलत नाहीत, तेच बरं वाटलं. म्हणाल्या, "सोम ते शनि ठेवा. पण सोमवारी येणं अन् शनिवारी जाणं त्याचं त्यानं जमवलं पाहिजे. तुम्ही किती दिवस हात धरसान?"
राहायले वंदना आहे. माझी लहान बहीण, केंद्रापासून दोन गल्ल्या. स्वतःहून म्हणाली, "माह्याकडे राहीन ना तो, काय होते?"
परत येताना हे खिडकीबाहेर पाहत होते. बडनेरा आल्यावर म्हणाले, "एकटा? एस्टीनं?" मी म्हटलं, मंग काय कुलपात ठेवता जन्मभर?

१४ जुलै, सोम.
पह्यला सोमवार. गाडीले ही गर्दी. खिडकीतून माझा रुमाल सीटवर टाकला, मंग सु.ले चढवलं, "बस, सुमेध." बसला. मूर्तिजापूरपर्यंत कानावर हात, मंग काढले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मीच आणायले जाईन.
अपंगांच्या राखीव सीटवर एक माणूस होता. पास दाखवला तर म्हणे, "हातपाय तं चांगले आहेत बाई पोराचे." भांडली नाही. आधी भांडायची.

२१ जुलै, सोम.
तेच. रुमाल, सीट, बस सुमेध. या खेपेला सांगायच्या आधीच बसला.
वंदनाचा फोन: केंद्रात हसतो म्हणे. कशावर? "काय मालूम, पाकीट सील झालं की हसते."

२८ जुलै, सोम.
हेडमास्तर: "मॅडम, आणखी किती सोमवार?" रजा संपत आल्या. बिनपगारी टाका म्हटलं.

४ ऑगस्ट, सोम.
आज सीट धरून दिली अन् मी मागं जाऊन बसली. अनोळखी बाईसारखी. तिकीट त्यानंच काढलं. पास दाखवला, "अकोला" म्हणाला. कंडक्टरनं वर पाह्यलंही नाही. बस, एवढंच पाहिजे होतं मले.
उतरल्यावर म्हणाला, "सुमेध बसला." हो राजा, बसला.
ताई म्हणतात तयार आहे. शनिवारी एकटा येईल. गाडी अकोल्याहूनच सुटते, सीट मिळते. वंदना स्टँडच्या फाटकापर्यंत येईल. खिशात साधा मोबाइल अन् आमच्या नंबरचं कार्ड.

९ ऑगस्ट, शनि.
आला नाही.
राखीचा दिवस. आमच्या घरी राखी नाही, एकच लेकरू. पण काल शाळेत पोरींनी राख्या बांधल्या, तरी डोक्यात आलं नाही की गाड्या भरून राहतील. मले काहून नाही सुचलं?
गाडी आली, सगळे उतरले, तो नाही. त्याचा फोन वाजतो, उचलत नाही. वंदना म्हणे, "मी तं चढताना पाह्यलं वो ताई." मंग मूर्तिजापूर स्टँडवरून एका माणसाचा फोन. कार्ड पाहून लावला. यायनं, त्याच्या बाबांनी, मोटरसायकल काढली, मी मागं.
चौकशीच्या खिडकीखाली बसून होता. गाल लाल. हाताले स्वतःच्याच दाताचे वळ. चड्डीत झालेलं.
फोन करणारा माणूस म्हणाला, "कोणाच्या तरी रुमालावर बसला म्हणे. उठ म्हटलं तं उठे ना. रुमालवाल्यानं दिली कानाखाली. हा ओरडाले लागला, लोक म्हणे पागल आहे, इथं उतरवून देला."
परत येताना सु. मधात, मी त्याले मागून धरलेलं. घरी अंघोळ घातली. मले रडू येईल वाटलं होतं. नाही आलं. भांडे घासले.

१० ऑगस्ट, रवि.
दुपारी भाकरी टाकता टाकता समजलं.
रुमाल. दर सोमवारी मी रुमाल टाकायची, मंग बस म्हणायची. त्याच्या हिशोबानं रुमाल म्हणजे सुमेधची सीट. काल गाडीत सगळीकडे रुमाल, त्याले वाटलं असन, सगळ्या माह्याच.
आपल्याकडे रुमाल टाकून सीट धरणं कोणी कोणाले शिकवत नाही. ते येतेच. त्याले नाही येत, हे मले माहीत होतं. मास्तरीण आहे मी. तरी नाही सुचलं.
ताईंना फोन केला. म्हणाल्या, "तो नाही चुकला. तुम्ही शिकवलं ते त्यानं बरोबर केलं."
तवा जळाला. बदलावा लागन.

११ ऑगस्ट, सोम.
हे: "आता पुरे झालं. घरीच राहू दे." पह्यल्यांदाच आवाज चढवला. मी म्हटलं, ज्यानं मारलं तो मजेत असन अन् शिक्षा आपल्या पोराले? "शिक्षा नाही, सांभाळणं आहे," म्हणाले.
कुलूप घालून शाळेत गेली. दुसरीले बेरीज घेतली.

१४ ऑगस्ट, गुरु.
सु. खिडकीशी उभा राहतो. बोलत नाही. काकू म्हणाल्या, "दुपारी वजनकाटा, वजनकाटा म्हणून राहिला होता."
यायनंही ऐकलं. उठून अंगणात गेले.

१७ ऑगस्ट, रवि.
ताई स्वतः आल्या, अकोल्याहून. घरातल्या खुर्च्या ओळीनं मांडल्या. काहींवर रुमाल, एकावर पिशवी. "रुमाल असला तर?" सु. पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "नाही." "रिकामी असली तर?" तर विचारायचं: कोणी आहे का? मी प्रवासी, हे कंडक्टर. यायले हसू आलं. किती दिवसांनी.
संध्याकाळपर्यंत शिकला. एकदाही चुकला नाही. फक्त रिकाम्या खुर्चीवर बसताना आधी गालाले हात लावत होता. ताईंनीही पाह्यलं.

१८ ऑगस्ट, सोम.
हे घेऊन गेले. स्वतःहून. म्हणाले, "एक वेळ मी पाहतो."
संध्याकाळी परत आले, पाणी प्याले, म्हणाले, "बसला नाही."
म्हणजे?
"कोणी आहे का विचारते. लोक म्हणते बस ना बापा. तरी बसत नाही. मी म्हटलं सुमेध, बस. नाही. दांडा धरून उभा."
पूर्ण रस्ता?
"पूर्ण."
मंग तुमी?
"मी पण उभाच राहिलो. कसा बसू?"

२३ ऑगस्ट, शनि.
आणायले मी गेली. खरंच. मागची सगळी सीट खाली, हा उभा. खड्ड्यात आदळला, ओठ फुटला. मी हात धरून बसवायले गेली तर असं पाह्यलं त्यानं माह्याकडे, की मी हात सोडून देला.
ताई म्हणतात हळूहळू बसेल, किंवा नाही बसणार. "पण मॅडम, प्रवास तर करतो ना?"
करतो.
या आठवड्यात केंद्रात सगळ्यात जास्त पाकिटं त्याची. वंदना म्हणे, तिथं खुर्चीवर बसते बराबर.

२४ ऑगस्ट, रवि.
रजा संपल्या. यायच्याही. सकाळीच मी विषय काढला. हे म्हणाले, "दोन तास उभा राहीन पोरगा? दर हप्त्याले?" मी म्हटलं, घरी दिवसभर खिडकीशी उभाच तर राहते.
असं बोलायले नको होतं. पण बोलली. हे उठले अन् त्याची बॅग भरायले घेतली.

२५ ऑगस्ट, सोम.
एकटा गेला.
गाडीत चढला, मागं पाह्यलं नाही. बाहेरून दिसत होतं: विचारलं कोणाले तरी, त्या बाईनं सरकून जागा दिली, हा दांडा धरून उभा. गाडी सुटली. मी शाळेत.
पह्यल्या तासाले कंडक्टरचा फोन, कार्डावरून. म्हणे, "बाई, अर्धी गाडी खाली आहे, तुमचा पोरगा बसून नाही राहिला. काही दुखते का त्याले?"
म्हटलं, नाही दादा. राहू द्या उभा. फक्त कोणी हात नका लावू देऊ.
"कोण लावते हात? मी आहे ना."
संध्याकाळी वंदना: पोचला. जेवला. पाय दाबू देत नाही म्हणे, पण सुजलेत. कामावर गेला होता, सगळं ठीक.
मले आनंद व्हायले पाहिजे होता. या एका दिवसासाठीच तर सगळं केलं. काहीच नाही झालं आत.
वंदनानं विचारलं, "ताई, शनिवारी मी येऊ का वो त्याच्यासंगं? अमरावतीपर्यंत?"
नको म्हटलं, त्याचं त्यालेच जमवू दे. फोन ठेवला.
मंग वाटलं, हो म्हणायले पाहिजे होतं. फोन हातातच होता. परत लावला नाही.