कुलूपवाल्याची बायको

३ फेब्रुवारी

ह्यांनी मला मारलं. लिहूनच टाकते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! चहाचा कप पुढे केला, तर म्हणाले, "तू कोण? घरात शिरलीस कशी?" मी हसले — वाटलं थट्टा करतायत. तर उलट्या हाताची सणसणीत थोबाडीत! आयुष्यभर कुलुपं उघडून, किल्ल्या घासून ह्यांची बोटं लोखंडाची झालीयत. दाढेतून रक्त आलं.

दुकान बंद करून चारच महिने झालेत. करमत नाही म्हणून चिडतात, असं मी धरून चालले होते.

तासाभरानं हेच विचारतात, "अगं, गाल कशानं सुजला?"

९ फेब्रुवारी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन मिनिटं बघितलं. "सत्तरी ओलांडली की असं व्हायचंच. गोळी देतो, झोपतील." माझ्या गालाकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही बोलले नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला!

१७ फेब्रुवारी

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी, शाळेत शिकवते, परीक्षा तोंडावर. मारतात असं काही सांगता आलं नाही. चिडतात, एवढंच म्हटलं. "आई, म्हातारपणी सगळेच चिडके होतात. जरा सांभाळून घे."

सांभाळून! ह्या माणसानं पिंजऱ्यात सापडलेला उंदीरही कधी मारला नाही. लांब मैदानात नेऊन सोडायचे.

२ मार्च

बाथरूममध्ये कोंडलं. बाहेरून कुलूप — आणि ह्यांच्या हातचं कुलूप, कोणाच्या बापाला उघडायचं नाही! सकाळी नऊपासून एकपर्यंत. बाहेरून धमकी, "चोर धरलाय. पोलीस येईपर्यंत बस गुमान." मी दार बडवलं. "अहो, मी आहे मी!" तळहात सोलपटले.

मग प्रार्थना म्हणायला लागले. लहानपणापासून पाठ असलेली, तोंड आपलं आपण चालतं ती. अर्ध्यावर थांबले. पोपटपंची नुसती! म्हटलं, "प्रभू, दार उघड." एवढंच. त्यानं नाही उघडलं. ह्यांनीच उघडलं, भूक लागली म्हणून.

३ मार्च

हात दुखतोय. दोन्ही.

११ मार्च, रविवार

चर्चला उपासनेला दोघं गेलो. गाताना हे खुलतात. एक शब्द चुकत नाही, खर्ज अजून तसाच घुमतो. लोक म्हणतात, "काका कसे ठणठणीत!" ठणठणीत — हो. मनगट तर विचारूच नका.

पाळकांना बाजूला घेऊन सांगितलं. तरुण आहेत, गडबडले बिचारे. "मावशी, सहन करण्यात मोठं बळ असतं. प्रत्येकाला आपला क्रूस असतोच." मान डोलावून बाहेर आले. पायऱ्या उतरताना मनात आलं — क्रूस पाठीवर घ्यायचा असतो. तो तोंडावर नाही बसत!

२४ मार्च

कानस फेकून मारली. लोखंड घासायची, हातभर लांब. कपाळ फुटलं. पाच टाके. नर्सला सांगितलं, कपाटाचा कोपरा लागला. तिनं लिहून घेतलं.

घरी येऊन पदराचं रक्त धुतलं. गार पाण्यानं. गरम पाण्यानं डाग बसतो — तीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढली, एवढं मला कोणी शिकवायला नको.

२ एप्रिल

आज मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिणार.

जेवताना ताट भिरकावलं. उठून माझे केस धरले, डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. कोपऱ्यात ह्यांची काठी होती. ती माझ्या हाती लागली आणि मी घातली. एक खांद्यावर. एक पाठीत. आणि तिसरी — तिसरी हे खाली बसल्यावर. दोन्ही हातांनी डोकं झाकून म्हणत होते, "मारू नका हो बाई, मारू नका."

पहिला फटका जीव वाचवायला होता. तिसरा नव्हता.

आणि मला बरं वाटलं. देवा, क्षणभर का होईना, बरं वाटलं!

३ एप्रिल

दुपारी हे उताणे झोपले होते. खांद्यावर माझ्या काठीचा वळ. मी उशी उचलली. ह्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरली. किती वेळ, माहीत नाही. हे घोरले — नेहमीसारखे, शेवटी शीळ घालून — आणि मी पळत सुटले. दाराला कडी घालून थेट चर्चला. उशी काखेतच! रस्त्यातली माणसं वळून बघत होती.

आत कोणी नव्हतं. क्रूसासमोर उभी राहिले आणि ओरडले. "आंधळा आहेस का? बहिरा आहेस? जन्मभर दर रविवारी येते, त्याचं हे फळ? त्या माणसाला तरी ने, नाहीतर मला ने!" शिव्यासुद्धा दिल्या. कुठल्या कुठल्या शिव्या येतात मला!

बाकामागून झाडणारी बाई उठली. लाजेनं मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "ओरडा की. खिळे ठोकल्यावर तोही ओरडलाच होता. गप्प नव्हता बसला."

मी मटकन खाली बसले. झाडू ठेवून ती शेजारी टेकली. "कोण मारतं?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणी सरळ विचारलं! सगळं सांगितलं. काठीचं, उशीचंसुद्धा. ती दचकली नाही. म्हणाली, "तुमच्या वाटचा मार तो आधीच खाऊन बसलाय. आता तुम्ही कशाला खाताय? रविवारी उभ्या राहा आणि सगळ्यांदेखत सांगा."

८ एप्रिल, रविवार

सांगितलं!

उपासनेत साक्ष द्यायची, आपला अनुभव सांगायची वेळ आली तशी उठले. कपाळावरची पट्टी काढली. "हे माझ्या नवऱ्यानं केलं. त्यांना कळत नाही, ते काय करतात. आणि मी त्यांना काठीनं मारलं. मला कळत होतं. मला मदत हवी." बस्स. एवढं बोलायला अंगात बळ कुठून आलं? माझं नव्हतं, एवढं नक्की.

हे शेजारी बसून गीतांची पानं उलटत होते. मग मागून खांब उठला — निवृत्त बस ड्रायव्हर, सहा फुटांच्या वर, गाण्यात ह्यांच्या शेजारी उभा राहतो म्हणून हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. "वहिनी, उद्यापासून दुपारी मी येऊन बसतो. मला मारू दे काय मारायचं ते. माझ्यात दोन माणसं बसतात."

मंडळी हसली. मी रडले.

संध्याकाळी पाळक घरी आले. खुर्ची दिली तर बसेनात. "मावशी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माफ करा." त्यांचे डोळे भरले होते. आपण शिकवायला जावं आणि शिकून यावं, तसा चेहरा.

१६ एप्रिल

खांबभावजींचा ओठ फुटला. म्हणतात, "वहिनी, मुठीत दम आहे अजून!" पण त्यांनी एक हेरलं. हात उचलायच्या आधी हे कपाळ दाबून धरतात आणि एका बाजूला कलतात. "हे नुसतं वय नव्हे. आमचे वडील म्हातारपणी भ्रमिष्ट झाले होते, पण असे कलत नव्हते. मोठ्या हॉस्पिटलात नेऊ."

मुलगीही आली. माझं कपाळ बघून दारातच थबकली. "सांभाळून घे म्हणाले मी," एवढंच म्हणत राहिली.

२० एप्रिल

मेंदूच्या डॉक्टरीण बाई. पोरीच्या वयाच्या. "नेमकं कधीपासून?" मी ही वही पुढे केली. पान न् पान वाचलं त्यांनी. उशीचंही. मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी. "आजच डोक्याचा स्कॅन करू."

मशिनमध्ये हे लाथा झाडत होते. चौघांनी धरलं तरी आवरेनात. बाहेरून भावजींनी गाणं धरलं. हे आतून खर्जात सुरू झाले आणि पडून राहिले.

२३ एप्रिल

गाठ आहे. कपाळामागे, लिंबाएवढी. कैक वर्षं हळूहळू वाढत आलेली. डॉक्टर म्हणाल्या, बहुधा साधी आहे, काढता येईल. धोका आहे. पण तुमचा माणूस परत मिळू शकतो — पूर्वीचा.

"आणि मधलं सगळं? त्यांना आठवेल?"

"काही काही आठवेलही."

कागदावर सही केली. परवा सकाळी ऑपरेशन.

प्रभू, तू ह्यांना परत तेवढं दे. माफी आधी कोणी मागायची, ते आमचं आम्ही बघून घेऊ.