जांभळाची ढोली

बोरिवली, ता. २ नोव्हेंबर १९५४

श्री. धाकूदादा यांस,

श्यामकांत गुप्ते याचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत असे लिहायला हात धजत नाही. रीत म्हणून लिहितो.

गुणाजीचा वखारीतला जोडीदार जयवंत त्याची कुऱ्हाड आणि घोंगडी घेऊन तुमच्याकडे पोचला असेल. त्याने सांगितले असेलच. पण तो त्या वेळी मालाडच्या वखारीत होता आणि मी समोर होतो, म्हणून तुमच्या भावाविषयी लिहिणे माझे काम आहे.

ऑगस्टच्या वादळात आमच्या अंगणातले जांभळाचे झाड पडले. ते फोडायला गुणाजी रविवारी, ता. २४ ला, सकाळी नऊला आला. चौथ्या-पाचव्या घावाला बुंध्याच्या ढोलीतून गांधीलमाश्या उठल्या. दोन डसल्या, एक मानेला, एक कानामागे. माझ्या पत्नीने चुना लावला, कांदा चोळला. मी डंखावर लोखंडी किल्ली घासली. पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले. पाणी मागितले, ते गिळता येईना. मी स्टेशनाजवळच्या डॉक्टरांना टांग्यातून घेऊन आलो तेव्हा सर्व संपले होते. काही माणसांच्या अंगाला हे विष अजिबात सोसत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

ढोलीत माश्या असतील याची कोणाला कल्पना नव्हती.

एक गोष्ट लिहावी की नाही, यावर विचार केला. त्या सकाळी चहा पिताना गुणाजी सहज म्हणाला होता की गावच्या राखणदाराला द्यायचा नारळ यंदा घरून अजून गेला नाही, रुक्मिणी विसरली असणार. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण तो म्हणाला हे खरे, म्हणून कळवतो.

रुक्मिणीवहिनींना माझा नमस्कार सांगावा. मुलाला आशीर्वाद.

आपला,
श्यामकांत गुप्ते


बोरिवली, ता. २८ नोव्हेंबर १९५४

श्री. धाकूदादा,

शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरातले तुमचे पत्र मिळाले. गुरवाने देवळात कौल लावला आणि तो वहिनींच्या चुकीकडे गेला, हे वाचले. घरच्या आणि गावच्या बाबतीत मी परक्याने काय लिहावे? वहिनींना त्रास होऊ नये एवढीच इच्छा.

झाड तसेच पडून आहे. जयवंत परत आल्यावर मागच्या रविवारी आला होता. अंगणात शिरला नाही. फाटकातूनच त्याने विचारले, "साहेब, आत कोण आसा?"

मी म्हटले, "मला माहीत नाही."

 तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून म्हणाला, "माहीत नाय म्हणणाऱ्याच्या झाडाक आमी हात लावणव नाय," आणि गेला.

दिवाळसणाला जावई आणि आमची नीला आली होती. दुसऱ्या दिवशी जावयाच्या पायाला झाडाजवळ काहीतरी चावले, आणि दोघे संध्याकाळीच परत गेली. गेल्या आठवड्यात मृणालिनीला, माझ्या पत्नीला, बंबासाठी ढलप्या उचलताना मनगटावर कोळी चावला. दोन लाल ठिपके होते. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात सुजला, आता उतरतो आहे. दूधवाल्याला गांधीलमाशी डसली. पोस्टमन फाटकाबाहेर उभा राहून हाक मारतो, पत्र घ्यायला मला रस्त्यावर जावे लागते.

मला काही होत नाही. हे तुम्हांला का लिहितो ते मलाच नीट कळत नाही. मी रोज त्या झाडाजवळून जातो, वाळक्या फांद्या मोडून आणतो. सकाळी माझ्या चपलेत कोळी बसलेला असतो. मी पाय घालतो तेव्हा तो बाजूला होतो, मला जागा करून देतो. पहिल्यांदा हा योगायोग वाटला. मी कॉलेजात शिकलेला माणूस आहे, नोंद ठेवण्याची सवय आहे, म्हणून वहीत लिहू लागलो. आज सोळा सकाळी झाल्या.

वहिनींना सांभाळा.

श्यामकांत


बोरिवली, ता. १९ डिसेंबर १९५४

धाकूदादा,

हे पत्र मास्तरांनी ओटीवर बसून मोठ्याने वाचावे, आणि वहिनींना तिथे बोलावल्याशिवाय सुरू करू नये. त्या नसतील तर इथेच थांबावे.

तुमचे दुसरे पत्र तीन वेळा वाचले. वहिनी गोठ्यात वेगळी चूल मांडून राहतात, मुलगा तुमच्याकडे निजतो, आणि पौषात त्यांना मुलाशिवाय माहेरी पाठवायचे ठरते आहे. आणि त्या स्वतःच म्हणतात की होय, नारळ मी विसरले, नवरा माझ्यामुळे गेला. तुम्ही पुढे लिहिले आहे, "आपण शिकलेले, आपल्यासारख्यांनीच लिहिले तेव्हा आमची खात्री झाली."

गुणाजी कामाला हात घालण्यापूर्वी मालकाला तीनदा विचारायचा, हे तुम्ही जाणता. तुमच्या वडिलांनीच तुम्हां दोघांना तसे शिकवले, असे तो मला म्हणाला होता. त्या सकाळी त्याने कुऱ्हाड खाली टेकवली आणि विचारले, "मालकानू, आत कोण आसा?" मला हसू आले. मी म्हटले, "झाडालाच विचार की." तो म्हणाला, "झाड बोलणा नाय. मालकाक बोलूचा लागता."

त्याआधी चहा पिताना त्याने मला आणखी एक सांगितले होते, ते मी तुम्हांला कळवले नाही. दोन वर्षांपूर्वी वखारीत त्याला एक गांधीलमाशी डसली आणि त्याचा गळा बंद झाला होता. पुन्हा डसू देऊ नकोस, असे डॉक्टरांनी त्याला बजावले होते. "असात तर सांगा," तो म्हणाला, "धूर करून जातंय, फुडल्या आयतवारी येतंय."

पुढच्या रविवारी दिवाळी होऊन गेली असती. जावई पहिल्यांदा घरी यायचे होते आणि फाटकापासून ओट्यापर्यंत ते झाड आडवे पडले होते. जावयाला झाड ओलांडून घरात यावे लागेल, एवढीच माझी अडचण होती. यापेक्षा मोठे कारण मी शोधून पाहिले. सापडले नाही.

मी तीनदा म्हटले, "कोणी नाही." तिसऱ्यांदा जरा वैतागून.

सकाळी सात वाजता मी त्या ढोलीत माश्या शिरताना आणि बाहेर येताना पाहिल्या होत्या. त्या दिवसाचे माझ्या वहीचे पान सोबत जोडले आहे. मास्तरांनी तेही वाचावे. त्यावर लिहिले आहे: "जांभळाच्या ढोलीत गांधीलमाश्यांचे पोळे. दहा मोजल्या. गुणाजीला सांगणे."

मग मी तुम्हांला लिहिले की कोणाला कल्पना नव्हती. नारळाचे मात्र लिहिले. गुणाजी ते बोलला होता, म्हणून मी स्वतःला समजावले की आपण खोटे लिहिले नाही. जी गोष्ट मी मानत नाही, ती तुम्ही मानाल हे मला ठाऊक होते. या पन्नास दिवसांत मी रोज वही लिहिली, आणि हे एकदाही लिहिले नाही.

काल दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात, मी सदऱ्याची बाही वर केली आणि ढोलीत हात घातला. डसावे अशीच इच्छा होती. त्या बाहेर आल्या. मनगटावरून कोपरापर्यंत चालल्या. त्यांच्या पायांचा स्पर्श जाणवत होता, पंख हलले की वारा लागत होता. एक माझ्या अंगठ्यावर बसून तोंड पुसत राहिली. मी शंभरपर्यंत मोजले. एकही डसली नाही. थंडीमुळे त्या मंद असतील, असे मला वाटले. पण उन्हाने माझे डोके तापले होते. हात बाहेर काढला तेव्हा त्या घाईने नाही, सावकाश उतरून आत गेल्या.

मृणालिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ती म्हणाली, "ओळखतात तुम्हांला." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही गुणाजीला सांगितलं होतं ना?"

हे तिने पूर्वी दोनदा विचारले होते आणि मी "हो" म्हटले होते. काल म्हटले नाही. ती खिडकी लावून आत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही. मी ओट्यावर बसून आहे, आणि पायाशी चार कोळी येऊन थांबले आहेत. आज मी ते मोजून वहीत लिहिणार नाही.

वहिनी, आता तुमच्याशी बोलतो. नारळाचा आणि त्याच्या मरणाचा काही संबंध नाही. तुमचा नवरा कामात चुकला नाही. त्याने विचारायचे ते तीनही वेळा विचारले. तुमच्याकडून काही राहिले असेल तर तो तुमचा आणि देवाचा प्रश्न. त्याला मारणारे उत्तर मी दिले.

धाकूदादा, माझी आधीची दोन्ही पत्रे चांगल्या भाषेत होती आणि तुम्ही ती खरी मानलीत. म्हणून याही पत्रावर विसंबून राहू नये. भाऊच्या धक्क्यावरून शुक्रवारी, ता. २४ ला, सुटणाऱ्या बोटीने मी मालवणला येतो. हे सगळे गुरवासमोर आणि पंचांसमोर तोंडाने सांगेन. तुम्ही काय कराल ते तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही. पण मी पोचेन तेव्हा वहिनी गोठ्यातच असतील, तर त्यांच्या मुलाला अंगणातून हाक मारून, त्याला घेऊन मी प्रथम तिथे जाईन आणि त्यांना उठा म्हणेन. त्यानंतरच तुमच्या उंबऱ्याशी येईन.

बंदरावर मला उतरवून घ्यायला कोणी येऊ नये.

श्यामकांत विद्याधर गुप्ते