धुण्याचा दगड, मुक्काम डहाणू

तलासरी,
मार्च २०१९

तीर्थस्वरूप सुधाताईस धाकट्या भावाचा उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकून केला असता, पण हल्ली इथे वाकायला गेलं की जमीनच हलते, आणि नमस्कार आपण केला की तिने, हे कळत नाही.) नाशिकला सगळं स्थिर असेल, भाऊजींचा गुडघा कुरकुरत का होईना चालत असेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. नोव्हेंबरपासून धक्के बसताहेत आणि प्रत्येक धक्क्याला तू फोन करून "इकडे निघून ये" म्हणतेस. स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग पडली आहे. झोपायला अंगणात ताडपत्री बांधली आहे. बाकी सगळं आपापल्या जागी आहे, एक वस्तू सोडून.

निलम गेल्यावर तूच म्हणालीस, बायको गेली म्हणून नुसता भिंतींकडे बघत बसू नकोस, कशात तरी मन रमव. (भिंतींकडे बघायला आता सरकारी माणसं येतात.) म्हणून मी डहाणूच्या इतिहास मंडळाचा सभासद झालो. तेव्हा पुढे जे झालं त्याची निम्मी जबाबदारी तुझी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला इतिहासाची आवड कुठून, असं विचारू नकोस. कोणी सोडवून न नेलेल्या वस्तू मी आयुष्यभर सांभाळल्या, तेही तेच काम. मंडळात सगळे माझ्या वयाचे किंवा पुढचे. दर बैठकीची सुरुवात दोन मिनिटं उभं राहून होते आणि खाली बसताना जो तो आजूबाजूला बघून घेतो, सगळे बसले ना म्हणून. तरी मला तिथे बरं वाटलं. गेलेल्या माणसांबद्दल बोललं तर तिथे कोणी विषय बदलत नाही.

मंडळाचा रिवाज असा की नव्या सभासदाने काहीतरी जुनं दाखवायचं. माझ्याकडे जुना म्हणजे मीच. शेवटी अध्यक्ष अण्णा (निवृत्त मुख्याध्यापक, बोलताना अजून बोटांत खडू असल्यासारखे) आणि बोर्डीचे बागाईतदार चिमणभाई घरीच आले, आणि मागच्या दारी आपल्या धुण्याच्या दगडापाशी थबकले. तोच गं, घर बांधलं तेव्हा निलमने कैनाडच्या ओढ्यातून झिपरूच्या बैलगाडीत घालून आणलेला. तूही होतीस गाडीवर. अण्णा चक्क गुडघे टेकून बसले. वर चंद्रसूर्य, खाली तलवार! म्हणजे वीरगळच, लढाईत पडलेल्या वीराची आठवण म्हणून उभा केलेला दगड. चिमणभाई ओरडले, "सुदर्शनभाई, अहो वीराच्या डोक्यावर लेंगे आपटता तुम्ही!" मी चहा करून बाहेर येईपर्यंत टेम्पो ठरलासुद्धा. मी अडवलं नाही. वाटलं, घासूनपुसून बघतील, कळेल, आणून टाकतील. शिवाय माझ्या घरातल्या कशाचं तरी कौतुक व्हायची बऱ्याच दिवसांनी वेळ आली होती.

टेम्पो गेला आणि तिथे नुसता ओला चौकोन राहिला. ताई, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्या बैठकीला दगड शाळेच्या रिकाम्या वर्गात हार घालून उभा. अण्णांनी व्याख्यान दिलं. चंद्रसूर्य आहेत तोवर वीराची कीर्ती राहणार, हा त्या खुणांचा अर्थ. मी ऐकत होतो. त्यांचा सूर्य म्हणजे निलमने शिकेकाई कुटून कुटून पडलेला खळगा. चंद्र म्हणजे तांब्याचा हंडा पडला तेव्हा उडालेला टवका. तलवार म्हणजे कोयत्याला धार लावल्याची रेघ. वीर कुठल्या लढाईत पडला यावर सभेत दोन गट पडले. निलम कुठे पडली ते मला ठाऊक होतं. मुंबईच्या इस्पितळात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी बसलो होतो.

मी उठून सगळं सांगितलं. अण्णा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुदर्शनराव, इतिहास भावनेवर चालत नाही." मंडळाचा नियम असा की तोंडी पुरावा धरायचा, तर दोन वयस्कर माणसांना वेगवेगळं विचारल्यावर हकिकत एकच निघाली पाहिजे. वीराच्या बाजूने अण्णा आणि चिमणभाई. (वेगवेगळं म्हणजे एकाला वर्गात विचारलं, दुसऱ्याला व्हरांड्यात.) निलमच्या बाजूने मी एकटा. ठराव वीराचा झाला.

आता मी बैठकीला सगळ्यांच्या आधी जातो आणि दगडाजवळची खुर्ची धरतो. सगळ्यांना वाटतं, मला इतिहासाचं वेड लागलं. कोणी बघत नसलं की खळग्यात बोट फिरवतो. बोटाला कुंकू लागतं.

भाऊजींना नमस्कार, श्रुतिकाला आशीर्वाद.

तुझा,
सुदर्शन

ता. क. हे पत्र नुसतं खुशालीचं आहे. पण पुढच्या रविवारी बैठक आहे, तेवढी ये. झिपरू गेला, त्या गाडीवरची तू एकटीच उरलीस. अण्णा तुला बाहेर बसवून विचारतील, दगड कोणी आणला, हंडा कोणाच्या हातून पडला. हंड्यावरून तुम्ही दोघी कितीतरी दिवस बोलत नव्हतात. हंडा पाडणारी म्हणून मी सभेत निलमचं नाव घेतलं आहे, तूही तेच घे. तिला चालेल.

आणखी एक. दगड परत मिळाला की मी नाशिकला येतो, पण दगडासकट. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचा स्लॅब एवढं वजन पेलेल का, सोसायटीत विचारून ठेव. नाही म्हणाले तर मी इथेच ताडपत्रीखाली बरा. त्या वॉर्डात मला आत सोडलं नव्हतं, ती एकटीच होती. आता तिला एकटीला सोडून मी कुठेही येणार नाही.