नळी गेली की बघू

अण्णा,

गेल्या आठवड्यात चाचांची दुनळी बंदूक मी हातात घेतली. हो, तीच. बोर्लीच्या बाजारात ज्यांची लाकडाची वखार होती त्या चाचांची, दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर उडणारी बदकं कोरलेली. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली, वखारीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि त्यांचा नातू दोह्याला असतो. तो सुट्टीवर आला होता. घराला कुलूप लावून परत जायचं तर आत बंदूक ठेवून जाता येत नाही, म्हणून कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. मी कलेक्टर कचेरीत हत्यारांच्या परवान्यांच्या टेबलावर सोळा वर्षं काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. तुम्हाला हे ठाऊक नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी आवक-जावक टपाल बघत होते. नातवाचे कागद पाहून दिले, मग त्याने चादरीत गुंडाळलेली बंदूक पुढ्यात ठेवली. मी चष्मा लावून आधी नंबर परवान्याशी ताडून पाहिला, सवयच ती, आणि मग उचलली. माझ्या अंदाजापेक्षा हलकी निघाली. दस्त्याला एका बाजूने कीड लागली आहे आणि डावीकडचं एक बदक जवळजवळ पुसलं गेलंय. खांद्याला लावली, जरा वेळ धरली आणि खाली ठेवली. जन्मभर जिची हाव धरली ती वस्तू हातात आल्यावर आनंद व्हायला हवा. मला तुमची आठवण आली आणि मी चादर पुन्हा तिच्यावर ओढली. नातू म्हणाला, “मॅडम, तुम्हालाच पाहिजे तर बघा. बंदुकांच्या दुकानदाराला देण्यापेक्षा बरं.” मी विचार करून सांगते म्हटलं.

तुम्हाला निवडणुकीचं भारी अप्रूप होतं, आणि ते मतदानाचं नव्हतं. आचारसंहिता लागली की पोलीस पाटील निरोप घेऊन यायचे, हत्यारं ठाण्यात जमा करा. तुम्ही कुरकुरायचात, “आधी वानरांना लावा म्हणावं आचारसंहिता.” नारळ कोवळे असायचे आणि वाडीत वानरांची टोळी शिरायची, त्यांना दचकवायला बंदूक लागायचीच. दचकवायलाच. मारुतीचं लेकरू म्हणून तुम्ही कधी नेम धरला नाहीत, वर आभाळात बार काढायचात आणि टोळी सुपारीच्या शेंड्यांवरून पळायची. देताना कुरकूर करायचात, पण निवडणूक उरकून बंदूक परत आणायच्या दिवशी तुम्ही पहाटेच आंघोळ करून तयार. ठाण्यातली हत्यारांची कोठी सांभाळणाऱ्या हवालदारांसाठी पिशवीत रोठा सुपारी घ्यायचात, आणि मला म्हणायचात, “चल गो बाय, जत्रेला.” आई म्हणायची, मुलीला कसली नेता बंदुकांच्या जत्रेला. पण तुम्हाला मी एकटीच, त्यामुळे न्यायला दुसरं कोण होतं?

जत्राच होती ती. ठाण्याच्या आवारात आंब्याखाली तालुक्यातल्या सगळ्या बंदुका सतरंजीवर ओळीने मांडलेल्या आहेत, प्रत्येकीच्या गळ्यात सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी. डोंगराकडच्या गावांतून आलेल्या ठासणीच्या, पितळी कड्या घातलेल्या, माणसापेक्षा लांब. निवृत्त सुभेदारांची बारीक नळीची रायफल, जिला ते कुणाला बोट लावू देत नाहीत. आणि मग एकनळ्या, डझनभर, सगळ्या एका सरकारी कारखान्यातल्या, एका आईची लेकरं असल्यासारख्या. त्यातली आपली ओळखू येते, कारण तिचा दस्ता चिरलेला आहे आणि तुम्ही तो तांब्याच्या तारेने बांधलाय. सही करून आपली बंदूक उचलायची आणि घरी जायचं, एवढंच काम, पण कुणी जात नाही. जो तो दुसऱ्याची उचलून बघतो, खांद्याला लावतो, सुस्कारा सोडतो. आपलं ते कार्टं आणि दुसऱ्याचा तो बाब्या, असा उलटा न्याय तिथे चालतो. ठासणीवाल्याला एकनळी हवी असते, एकनळीवाल्याला दुनळी. पांढरे झालेले बाप्ये, पण तोंडं अशी की शाळेच्या पोरांनी दुसऱ्याच्या डब्यात बघावं. चाचांची दुनळी शेवटी असते. त्यांच्या वडिलांनी मुंबईत घेतलेली विलायती. तुम्ही तिच्यापाशी उभे राहता आणि हात पाठीमागे बांधून ठेवता. मी मात्र वाकून बदकांवरून बोट फिरवते, आणि चाचा म्हणतात, “उचल बेटी, उचल. ती काय खात न्हाय.” मला उचलवत नाही. हवालदार हसतात. ते तळा गावचे, तुमच्याच वयाचे, आणि त्यांना तुमच्याइतकंच वेड. तुम्ही दोघं सुपारी कातरत त्या दुनळीबद्दल इतकं बोलता की आपली एसटी निघून जाते.

घरी तुमच्या कपाटाच्या दाराला आतून एक जुनं कॅलेंडर होतं, बंदुकांच्या दुकानदाराने दिलेलं. त्यावर तशीच एक दुनळी. वर्ष सरलं तरी तुम्ही ते काढलं नाहीत. मला परीक्षेत चांगले मार्क पडले त्या वर्षी तुम्ही मला मागच्या टेकडीवर नेऊन एक बार काढू दिलात. माझा खांदा चार दिवस निळा होता, आणि मी तो मैत्रिणींना दाखवत फिरले. त्याच वाटेवर परत येताना मी विचारलं होतं, आपण दुनळी कधी घ्यायची? तुम्ही म्हणालात, “ही चालत्येय ना? चालत्येय तोवर चालवायची. हिची नळी गेली की बघू.” मोठी माणसं मुलांना टोलवतात तसं तुम्ही मला टोलवलंत, हे आज कळतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मला वाटलं तुम्ही अट सांगितलीत.

बंदूक ठाण्यात द्यायच्या आदल्या दिवशी ती साफ करायचं काम माझं. गजाला चिंधी लावून नळीतून ओढायची, मग शिलाई मशीनच्या तेलाची दुसरी चिंधी. समुद्राचं वारं लोखंडाला किती दिवसांत खातं ते आपल्या खिडक्यांच्या बिजागऱ्या बघून मला पाठ होतं. त्या वर्षीच्या निवडणुकीआधी मी मोरीत बसून वाटीभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवलं आणि ती चिंधी नळीतून तीन वेळा फिरवली. पुसली नाही. बाहेरून मात्र नेहमीसारखं तेल चोळलं, तारेवरसुद्धा, आणि गोणपाटात गुंडाळून तुमच्या हातात दिली. तुम्ही म्हणालात, “शाबास.” मला वाईट वाटलं नाही, अण्णा. मी खूश होते. मला वाटत होतं मी तुमच्यासाठीच करत्येय.

दोन महिन्यांनी आपण जत्रेला गेलो. तुम्ही सही केलीत, बंदूक उचललीत, उघडलीत आणि नळी उजेडाकडे धरून आत डोळा लावलात. पुन्हा बघितलंत. नळीतून तपकिरी भुकटी तुमच्या धोतरावर पडली. हवालदार धावत रॉकेलची बाटली घेऊन आले, गज घातला, ओढला, चिंधी रक्तासारखी लाल निघाली, पण आतले खड्डे काही जाईनात. सगळी माणसं गोळा झाली. हवालदार खालच्या आवाजात म्हणाले, “अण्णा, भायरनं तर चांगली हाय ओ. आतनं तेल लावलं व्हतं ना?” आणि तुम्ही, जे कुणाशी आवाज चढवून बोलत नव्हता, सगळ्यांदेखत म्हणालात, “माझ्या मुलीनं लावलंय. ती चुकायची नाही. तुझ्या कोठीत सडली ही. मी तुझ्या हातात दिली होती.” त्यांनी रॉकेलच्या बाटलीला बूच लावलं. तोंड उघडायला तेवढा एकच क्षण होता आणि मी आंब्याच्या मुळाकडे बघत उभी राहिले. एसटीत तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. त्यांनी माझ्यावर संशय घेतला म्हणून मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटलं होतं.

घरी आल्यावर तुम्ही साहेबांच्या नावे अर्ज केलात. तुमचं अक्षर लागत नसे, म्हणून तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं. ‘सदर हवालदार यांच्या हलगर्जीपणामुळे’ हे शब्द माझ्या अक्षरात आहेत. हलगर्जीपणा कसा लिहायचा ते मी तुम्हाला विचारलं होतं. त्यांची बढती अडली आणि बदली झाली लांब, घाटावर. दुकानदाराने नळी बघून सांगितलं की हिच्यातून बार काढाल तर हात जाईल. मी वाट बघत राहिले. आता तुम्ही दुनळीचं काढाल, मग काढाल. पावसाळा गेला, दिवाळी गेली. वानरं आली की तुम्ही पत्र्याचा डबा बडवायचात. शेवटी मी विचारलंच, आणि तुम्ही जेवता जेवता शांतपणे म्हणालात, “बंदूक घेतली तर दर निवडणुकीला ठाण्यात ठेवायला पाहिजे. तिथे आता आपला माणूस कोण आहे?” कॅलेंडर तुम्ही कधी काढलंत मला माहीत नाही. एकदा दार उघडलं तर तिथे नुसता खिळा होता.

आधी मी भीतीने गप्प बसले. तुम्ही मारणारे नव्हता, पण तुम्ही माझ्यासाठी सगळ्यांदेखत शब्द टाकला होतात, तो खोटा पडला असता. मग कॉलेज, नोकरी, लग्न, आणि गप्प बसायची सवयच झाली. हवालदार निवृत्त होऊन तळ्याला परतले तेव्हा तुम्ही हिंडते-फिरते होता. तळ्याच्या बाजारात ते समोरून आले तर तुम्ही रस्ता ओलांडायचात. मी तुमच्याबरोबर होते एकदा. ते थांबले होते, हात अर्धा वर आला होता. तुमच्या तेराव्याला ते आले, फाटकाशी उभे राहिले. मी आत या म्हटलं तर म्हणाले, “नको बाय. त्याला आवडायचं न्हाय.” पाणी प्यायले आणि गेले.

परवा मी तळ्याला हवालदारांकडे गेले. दुनळी घ्यावी की नाही हे विचारायला, असं स्वतःला सांगत गेले, कारण ती बंदूक पाहिलेला आता तेवढा एकच माणूस उरलाय. नव्वदीला आलेत. मला त्यांनी ओळखलं, सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि दुनळीचं नाव काढल्यावर तोंड असं फुललं की मला पुन्हा आंब्याखालची सतरंजी दिसली. “घे,” म्हणाले. “अण्णाचा जीव व्हता तिच्यावर. परवान्याचं तुला काय सांगायचं?” मग आलेला चहा बशीत ओतला. नंतर म्हणाले, “तुझ्या अण्णाची बंदूक मी घालवली बाय. कोठीच्या मागच्या भितीला ओल व्हती. मला ठावं व्हतं. तिकडं ठेवायला नको व्हती. अण्णा बोलला त्यात चूक न्हाय काय.” अण्णा, ओल नव्हती. असती तर त्या बाजूच्या सगळ्याच बंदुका सडल्या असत्या, आणि कोठीत चाचांची दुनळी आपल्या एकनळीच्या शेजारीच होती, तिला काही झालं नव्हतं. हे त्यांच्यासारख्या माणसाला कळू नये असं नाही. पण इतकी वर्षं काहीतरी कारण लागतंच माणसाला, त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेऊन ठेवलंय. मी म्हटलं, “जाऊ द्या हो काका, झालं ते झालं.” म्हणजे मी त्यांना माफ केलं. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि त्यांनी डोळे पुसले. मी चहा संपवला आणि मिळाली त्या एसटीने घरी आले.

नातवाला फोन करून नको म्हणून कळवलं. मग हे लिहायला बसले, आज तिसरा दिवस. रोज वाटतं, सगळं लिहिलं की हलकं वाटेल, आणि थोडं वाटतंही, त्याचीच मला लाज वाटते. तुम्हाला सांगायला आता काय लागतं? तुम्ही रागावणार नाही, रस्ता ओलांडणार नाही, आणि टाकायचं तर हे पत्र टाकायचं कुठे? काका मात्र सकाळी पडवीत पेपर उघडून बसतात, आणि सून सांगत होती, अजून चष्म्याशिवाय वाचतात. हे पत्र त्यांच्या नावाचं असायला हवं होतं, अण्णा. पहिल्या दिवशी मी कागदावर त्यांचंच नाव घातलं होतं. मग तो कागद फाडला आणि तुमचं घातलं.