हफ्साला मांडीवर कोणी घ्यावे

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

मी, रुकय्या दाऊद खोत, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार पापडी, वसई, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. यजमान वारले. मूलबाळ झाले नाही. ही शेवटची गोष्ट वकीलसाहेब एका ओळीत आटपा म्हणाले. माझे अख्खे आयुष्य त्या ओळीत गेले, तेव्हा ती जरा लांबणार.

१. शरीयतप्रमाणे मला मर्जीने एक तृतीयांशच देता येते. पापडीचे घर वारसाहक्काने माझा भाऊ याकूब याला जाईल. बिल्डरच्या हाती किल्ली देण्याआधी त्याने अंगणातले चिकू तरी उतरवून घ्यावेत.

२. शिलाई मशीन, कात्र्या आणि बँकेतली ठेव माझी पुतणी, थोरल्या दिरांची मुलगी नुझहत हिला. हे सगळे तृतीयांशाच्या आत बसते, वकीलसाहेबांनी पाहिले आहे. याच मशीनवर मी अर्ध्या गावाची झबली शिवली. गिरीजच्या वाडीतली चंद्रकांता तिन्हीसांजेला मुलाला आणून माझ्या मांडीवर टाकायची. म्हणायची, "रुकय्याबाय, तुमचं ते वाचा ना जरा. कालपासून नुसती किरकिर चाललीय." मी कुराणातली आयतुल कुर्सी, सूरह फलक, सूरह नास पढून त्याच्या डोक्यावर फुंकर घालायचे. कधी पैसे घेतले नाहीत, ताईत बांधला नाही. राखणारा अल्लाह, मी नुसती मागणारी.

३. परक्यांची मुले मांडीवर आली, घरची आली नाहीत. माझी थोरली जाऊ जैबुनभाभी. मी पाळण्याजवळ गेले की ती ओढणीने बाळाचे तोंड झाकायची आणि सूरह फलक मोठ्याने पढायची. 'हेवा करणाऱ्याच्या हेव्यापासून' या आयतीला तिचा आवाज चढायचा. मी माझ्या खोलीत जाऊन त्याच आयती तिच्याच मुलांसाठी हळू आवाजात पढायचे. हेवा वाटत नव्हता असे लिहिणार नाही, ते खोटे होईल. पण दृष्ट लागू नये म्हणून 'माशाअल्लाह' म्हटल्याशिवाय कुठल्याही मुलावरून मी नजर हटवली नाही. फार दुखायचे, एवढे लिहिते.

४. हे सगळे मी माझ्याबरोबर नेले असते. पण गेल्या महिन्यात भाभीच्या नातीचा, हफ्साचा, अकीका, म्हणजे जावळ उतरवून नाव ठेवण्याचा विधी, झाला. नुझहत भाभीची मुलगी, म्हणजे हफ्साची सख्खी आत्या. लग्नाला बरीच वर्षे झाली, अजून मूल नाही. तिने बाळाला घ्यायला हात पुढे केले. पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "रहने दे बेटा, बच्ची सो रही है." हफ्सा टक्क जागी होती. नुझहतने हात मागे घेतले आणि उगाच ओढणी सारखी करत बसली. मी पाहिले. भाभीनेही पाहिले.

५. म्हणून माझी इच्छा अशी, की माझ्यामागे रोज मगरिबच्या, तिन्हीसांजेच्या नमाजानंतर हफ्साला मांडीवर घेऊन नुझहतने पढावे. रसूलुल्लाह, आमचे पैगंबर, आपल्या नातवांवर, हसन-हुसैनवर, जी दुआ पढत ती मी तिला शिकवली आहे: अल्लाहच्या परिपूर्ण शब्दांचा आसरा, प्रत्येक सैतानापासून, विषारी जिवापासून आणि वाईट नजरेपासून. पढताना कुणाचा चेहरा मनात आणू नये. दुआ मुलासाठी मागायची असते, समोरच्या बाईला ऐकवायची नसते. हे कलम कोर्टाकडून करून घेता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणतात.

६. जैबुनभाभीला मी काही ठेवत नाही. यात राग नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि मला तिचीच सही हवी आहे. सही करण्याआधी तिने वरचे सगळे वाचावे.

पापडी, वसई
दिनांक १४ जानेवारी २०२५

लिहून देणार: रुकय्या दाऊद खोत (सही)

साक्षीदार:
१. चंद्रकांता हिरामण राऊत, गिरीज (सही)
२. जैबुन्निसा इब्राहिम खोत, पापडी (सही)
वाचले. हफ्साला मी माझ्या हाताने नुझहतच्या मांडीवर देईन.