सुनंदाबाईंचे खरे वजन आणि माझी इतर मिळकत

मी खाली सही करणार पितांबर दोधू पाटील, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी बाजार आवारात मापाडी, हल्ली पाणबुड्या, राहणार अमळनेर, जिल्हा जळगाव, आज रोजी हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. ‘दडपणाशिवाय’ हा शब्द वकिलांच्या नमुन्यात होता म्हणून ठेवला. खरे पाहता दडपण आहे. येत्या रविवारी मला मालवणला समुद्रात उतरायला जायचे आहे, आणि नरडाण्याला कारखान्यात असलेला माझा मुलगा हितेंद्र गाडीची किल्ली खिशात घालून म्हणाला, “आबा, पहिले मृत्युपत्र लिखा, मंग खुशाल बुडा.” म्हणून लिहीत आहे, आणि लिहिताना सारखे हसू येत आहे. अक्षर वेडेवाकडे आले तर त्याचे कारण तेवढेच समजावे.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर भूपेंद्र यांनी दिला आहे. फुप्फुसे बुद्धीपेक्षा चांगली आहेत असेही ते म्हणाले, पण ते लेखी द्यायला तयार झाले नाहीत.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात पत्नी सौ. सुनंदाबाई यांचे, व त्यांच्या पश्चात हितेंद्रचे. गच्चीवरील पाण्याची टाकी त्याने आधी धुऊन घ्यावी. तीत बसून मी दोन वर्षे पाण्याखाली श्वास सोडण्याचा सराव केला आहे. घरच्यांना हे आज प्रथमच कळत आहे, तरी त्याबद्दल मागाहून तक्रार चालणार नाही.

कलम २. बँकेतील ठेव सुनंदाबाईंची. ती किती आहे हे कोणी विचारू नये व वाटाही मागू नये.

कलम ३. माझा लोखंडी काटा, वजने आणि शिशाचे बावीस ठोकळे नात कुमारी ऋतिका हितेंद्र पाटील हिला द्यावेत. ही मुलगी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून लोकांना समुद्राखाली न्यायचे काम करते. हितेंद्र पाहुण्यांना अजूनही “ती हॉटेल लाइनमध्ये आहे” असे सांगतो. ते त्याने आजपासून बंद करावे.

पाच वर्षांपूर्वी तिने मला प्रथम तिकडे मालवणला नेले, तेव्हा समजले की रबरी पोशाख घातलेला माणूस आपोआप बुडत नाही. त्याच्या कमरेला शिसे बांधावे लागते. कमी पडले तर तो वर तरंगतो, जास्त झाले तर तळाला जाऊन बसतो आणि हातपाय मारण्यात हवा संपवतो. प्रत्येकाचे शिसे वेगळे. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्या किनाऱ्यावरच एक फेरी धावून आलो. एकेचाळीस वर्षे मी कापूस तोलला, आणि आता माणसे तोलायला मिळणार होती. दुसऱ्या दिवशी मी तिथले सगळे ठोकळे काट्याला लावले. दोन किलो लिहिलेले तीन ठोकळे दोनशे ग्रॅमने कमी भरले. तिथला मालक म्हणाला, “आजोबा, पाण्यात कोण बघतंय?” मी त्या तिन्ही ठोकळ्यांवर खरे वजन पांढऱ्या रंगाने लिहिले आणि मगच पाण्यात उतरलो.

ऋतिकाला हे ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो. अंगाच्या वजनाचा दहावा भाग हा नुसता अंदाज, त्यावर विसंबू नये. माणसाला पाण्यात उभे करून साधा श्वास धरायला सांगावे, पाणी डोळ्यांशी आले पाहिजे. श्वास सोडला की तो हळूच खाली गेला पाहिजे. वापरून हवा संपत आली की नळकांडे दोनेक किलोने हलके होते, तेवढे शिसे आधीच धरावे, नाहीतर परत येताना माणूस थांबायचे तिथे थांबत नाही. समुद्राचा हिशेब विहिरीला लावू नये, गोड्या पाण्यात शिसे कमी लागते. ठोकळे दोन्ही बाजूंना सारखे वाटावेत. मी पहिल्यांदा सगळे पाठीमागे बांधले होते आणि पाऊण तास आकाशाकडे बघत होतो. पट्ट्याची कडी एका हाताने सुटलीच पाहिजे.

कलम ४. आता कबुली. मी आयुष्यात कोणाला खोटे वजन सांगितले नाही. एकदाच सांगितले, गेल्या महिन्यात, आणि ते स्वतःच्या बायकोला.

आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत सुनंदाबाई काट्यावर कधी उभ्या राहिल्या नाहीत. मी एकदा सुचवले होते, तर म्हणाल्या, “माले तोलाले मी काय कापूस शे का?” पण मी पाण्याखाली काय पाहतो ते त्यांना एकदा दाखवावे, अशी माझी फार इच्छा आहे. खाली गेल्यावर माणसाला वजनच उरत नाही. नुसत्या श्वासावर वर-खाली होता येते. त्या सुखात मी एकटा असतो तेव्हा मला त्यांची आठवण येते, आणि पाण्यात रडले तर डोळ्यांवरच्या काचेला धुके धरते. अखेर दोन वर्षांच्या आर्जवानंतर त्या बन्सीलालच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीत सरावाला तयार झाल्या.

ऋतिकाने विचारले, “आबा, आजीचं वजन किती धरू?” मापाड्याची नजर आहे, मला चांगले कळले होते. पण त्या पायरीवर रबरी पोशाखात उभ्या होत्या, लाजत होत्या, सुंदर दिसत होत्या, आणि माझ्या तोंडून निघाले, “बावन्न.” त्या माझ्याकडे बघून इतक्या गोड हसल्या की खरे सांगायची हिंमतच राहिली नाही.

बावन्नच्या हिशेबाने ऋतिकाने शिसे बांधले. सुनंदाबाई पाण्यात गेल्या आणि वरच राहिल्या. ऋतिका अर्ध्या अर्ध्या किलोचे ठोकळे वाढवू लागली. काठावर मळ्यातली वीस-पंचवीस माणसे जमली होती, आणि सगळी बाजारात हयात गेलेली. पहिला ठोकळा लावताच त्यांनी आवारातल्या सवयीने एकऐवजी “लाभ” म्हणून मोजायला सुरुवात केली. लाभ, दोन, तीन, चार. पाचव्याला त्या खाली गेल्या आणि लगेच वर आल्या, कारण काठावरून माझा जुना जोडीदार मापाडी छगन ओरडला, “पाच आधले, म्हंजे अडीच किलो शिसं, त्यानं दहापट पंचवीस किलो वजन. बावन अन पंचवीस, सत्त्याहत्तर. वैनी, जुळनं!”

त्या पायऱ्या चढून आल्या, पट्टा माझ्या पायाशी टाकला आणि म्हणाल्या, “जिंदगीभर लोकेस्ले खरं वजन सांगं, अन मालेच खोटं सांगं?” तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरते बोलतात. रविवारच्या गाडीत त्यांची जागा आहे, पण त्यांनी हो म्हटलेले नाही. मी मेल्यावर काय होईल ते होवो, त्या याव्यात एवढेच मला हवे आहे.

कलम ५. छगन यास माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. त्याचा आकडाही चूक आहे. नवखा माणूस भीतीने छाती भरून श्वास धरतो, त्यामुळे थोडे शिसे जादा लागते, पोशाखात हवा राहते ती निराळीच. हा हिशेब न करता त्याने चारचौघांत आकडा जाहीर केला. तो चारचौघांतच मागे घेतला, तर माझी सायकल त्याला द्यावी. ती चांगली आहे.

कलम ६. माझी अंत्ययात्रा साधी असावी. खांदा देणाऱ्यांनी वजनाबद्दल आपसात अंदाज बांधू नयेत. अडुसष्ट आहे.

येथवर लिहून झाल्यावर मी कागद सुनंदाबाईंपुढे ठेवला. त्यांना आपल्या वाट्याचे वाचणे भागच होते. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. कलम चारला बराच वेळ घेतला. चेहऱ्यावरून मला काही समजले नाही. मग पहिल्या कलमावर बोट ठेवून म्हणाल्या, “आठे चूक शे. तुम्हना मांगे घर मालेच दिधं. अन दोन्हीजन संगेच गऊत तं?”

मी म्हटले, संगे कसे जाऊ? तू तर इथेच असशील.

“मी तं तुम्हनासंगे पानीम्हा ऱ्हासू ना,” त्या म्हणाल्या. “लिखा. अन आते शिसं खरं बांधा.”

कलम ७. सबब पत्नीच्या सूचनेवरून जादा कलम लिहितो. आम्ही दोघे एकाच वेळी, एकाच पाण्यात मरण पावलो, तर घर व ठेव हितेंद्रने घ्यावी, आणि आमच्यासाठी रडू नये. या कलमातील शाईचे डाग माझ्याच हातचे असून ते खाडाखोड समजू नयेत.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

साक्षीदार:
१. बन्सीलाल, विहीरमालक, राहणार अमळनेर (सही)
२. डॉ. भूपेंद्र, राहणार अमळनेर (सही)

लिहून ठेवणार: पितांबर दोधू पाटील (सही)

वाचले. सत्त्याहत्तर नाही, चौऱ्याहत्तर. सकाळी मी स्वतः काट्यावर उभी राहून पाहिले.
सौ. सुनंदाबाई पितांबर पाटील (सही)

ठिकाण: अमळनेर
दिनांक: ७ जानेवारी २०२५