मोटारीला तेल कमी पडतंय

१२ जानेवारी १९४९

तेल कमी आहे. कालच सांगलीहून बदलून आणलं आणि आज सकाळी छपरात जाऊन मोटारीची तेल मोजायची पट्टी काढून बघतो, तर खालच्या खुणेलासुद्धा टेकलेलं नाही. एजन्सीवाल्यानं फसवलं — दुसरं काय?

काल तर केवढा रुबाब. मॅनेजर भाऊसो, गळ्यात टाय, हातात पांढरा रुमाल. बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "जुनं तेल काढलं, नवं भरलं. आता दोन हजार मैल झाकण उघडायचं काम न्हाई." दादानं मान डोलावली. मीही डोलावली. पण एकमेकांकडं बघून नाही.

दिवाळीपासून दादाचं आणि माझं बोलणं नाही. त्यानं मला न विचारता तांबडा खोंड विकला. मी चार शब्द बोललो, त्यानं आठ ऐकवले, आणि घरात दुसरी चूल पेटली. शेताची वाटणी उन्हाळ्यात करायची ठरलंय. मोटार मात्र वाटता येत नाही — गेल्या साली दोघांनी मिळून घेतलेली. म्हणून एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. काल सांगलीला दोघं गेलो. तो पुढं चालवत, मी मागं, शेजारी आई. आईला मुद्दाम नेलं होतं. ती नसती तर बोललो कोणामार्फत असतो?

१३ जानेवारी

आज माझा दिवस. कराडला जाऊन तेलाचा डबा आणला आणि कुणी बघत नाही असं पाहून थोडं ओतलं. दादाला कळू द्यायचं नाही. कळलं तर आईमार्फत निरोप येईल — त्याला काय कळतंय मोटारीतलं?

आणि खरं सांगायचं तर काहीच कळत नाही. उंब्रजात मी मोटारवाला फौजी. लोक चहा पाजून इंजिनाबद्दल विचारतात. युद्धात मी मोटार कंपनीत होतो हे खोटं नाही, पण स्टोअरात. कांबळी वाटत होतो. मोटारी गेल्या-आल्या त्या दारातून बघितल्या. हे मी साळूला, माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

एरवी तेलाचं एवढं मनावर घेतलं नसतं. पण दादाची बनू पहिल्या बाळंतपणाला आलीय. कराडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रक्त कमी आहे, घरी करू नका, इकडंच आणा. म्हणजे मोटार धड पाहिजे. बनू पोर दादाची, पण पालीच्या जत्रेत दर साली माझ्याच खांद्यावर बसून फिरलेली. माझ्या टोपीवर तिनं किती गुळीशेव सांडली त्याला गणती नाही. दादा असला निष्काळजी — तो कशाला पट्टी बघतोय!

१७ जानेवारी

पुन्हा कमी. पुन्हा ओतलं.

१९ जानेवारी

पुन्हा कमीच. मोटार पिते की काय?

२० जानेवारी

आज दादाचा दिवस. तो शाळेवरून गेला तेव्हा मागं निळा धूर. मास्तरांनी खिडक्या लावून घेतल्या म्हणे. साळू म्हणाली, "आवं, ही मोटार हाय का कुंभाराची भट्टी?"

मी नीट विचार केला. धूर येतो म्हणजे तेल जळतंय. जळतंय म्हणजे कमी होतंय. कमी होतंय म्हणजे ओतलं पाहिजे. यात चूक काढून दाखवावी कुणी.

तरी दादाला विचारावं असं वाटलं. तो पडवीत सुपारी कातरत बसलेला, मी उंबऱ्यात, आई मधे तांदूळ निवडत.

मी म्हटलं, "आई, त्याला इचार, धूर कवापास्नं हाय?"

आई म्हणाली, "नाथा, धूर कवापास्नं हाय?"

दादा म्हणाला, "त्याला म्हणावं, पलटणीत त्यो हुता. त्यालाच ठावं."

आई माझ्याकडं वळली. "तुलाच ठावं म्हणं."

"त्याला सांग, धुराला चालवणारा कारण असतोय."

आईनं सूप खाली ठेवलं. "मी तांदूळ निवडू का तुमची बोलणी निवडू? दोघांत हाताचं अंतर न्हाई, आन् माजी मान लटलटाया लागली." उठली आणि आत गेली. दादानं पुन्हा सुपारी उचलली, मी सूप आत नेऊन ठेवलं.

२१ जानेवारी

ओतलं.

२७ जानेवारी

कराडचा बाजार. आज एक भलतीच गोष्ट. मोटार थांबवून उतरलो तर एक म्हातारा जवळ येऊन विचारतो, "भज्यांचं दुकान कुठंशी हाय, पावनं?" म्हटलं, मला काय ठाऊक. तर म्हणाला, "वास तर हितंच येतुया."

आणि खरंच येत होता. फोडणीचा, कढई तापल्याचा. कुणी पुडा विसरलं असेल म्हणून सीट उचलून बघितली. काही नाही. येतानाही सगळी वाट वास. उंब्रजात शिरलो तर दोन कुत्री मोटारीमागं लागली, ती भुंकत नव्हती — नुसती आशेनं पळत होती.

घरी साळूला विचारलं, माझ्या कपड्यांना भज्यांचा वास येतोय का. ती म्हणाली, "खरं सांगा, बाजारात जाऊन काय खाऊन आलासा?" रात्री जेवायला भाकरी आणि चटणी, बस्स.

३१ जानेवारी

धूर वाढला. बनूकडं बघवत नाही, पाय सुजलेत. थोडं जास्तच ओतून ठेवलं. ऐन वेळी दगा नको.

२ फेब्रुवारी



दुपारी बनूला कळा सुरू झाल्या. दिवस माझा होता, पण मी छपरात पोचेपर्यंत दादा पुढं बसून मोटार चालू करत होता. मी त्याच्या शेजारी बसलो. मागं बनू, एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला वहिनी. निघालो तेव्हा धुरात आमचं घर दिसेना.

तासवडं मागं टाकलं आणि मोटारीला ठसका लागला. एकदा, दोनदा, मग धडधडली आणि गप्प. रस्त्यालगत गुऱ्हाळ चाललेलं होतं, ना पुढं दुकान ना मागं घर. बनू ओरडली. दादा खाली उतरला, मी उतरलो. मी बॉनेट उघडलं आणि आत बघत उभा राहिलो. आत लोखंड होतं. सगळं तेलानं माखलेलं. गुऱ्हाळावरची माणसं भोवती जमली. त्यांतला एक म्हणाला, "भज्यांचा वास येतुया न्हवं?"

दादा माझ्याजवळ आला. दिवाळीनंतर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलला. "आक्या, कर की रं कायतरी."

मला खोटं बोलवेना. "दादा, मला ह्यातलं काय येत न्हाई. मी पलटणीत कांबळी वाटत हुतो."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "तुज्याबरूबरचा ज्योतिबा कवाच सांगून गेलाय."

"मग आजवर बोलला न्हाईस?"

"लोकं चा पाजत्यात तुला. म्या कशाला मोडू?"

आतून आईनं सांगितलं, आता इथंच होणार, आडोसा बघा. दादा म्हणाला, "चल, ढकलू." दोघांनी खांदा लावून मोटार गुऱ्हाळाच्या आडोशाला नेली. दादा दमला की मी म्हणायचो "हां, अजून जरा," मी दमलो की तो. चुलवाणावर पाणी तापतच होतं, बायकांनी घमेलं भरून दिलं. वहिनीनं लुगड्याचा आडपडदा धरला. आम्ही दोघं पाठ फिरवून उसाकडं तोंड करून उभे राहिलो. दादा पागोटं काढायचा, घालायचा, पुन्हा काढायचा. मी त्याचा दंड धरला होता की त्यानं माझा, आठवत नाही.

रडण्याचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत. आई पदराला हात पुसत आली. "पोरगी झाली. दोघंबी आजं झालासा. आता तरी बोला."

दादा रडला. मी रडलो नाही असं लिहिणार होतो, पण इथं कशाला खोटं.

गुऱ्हाळवाल्यानं ऊस आणलेली बैलगाडी रिकामी करून दिली. खाली चिपाडं पसरली, वर कांबळं. ते मी झटकलं, चार घड्या घातल्या, कोपरे दाबून बसवले, एक सुरकुती ठेवली नाही. दादा बघत होता. म्हणाला, "ह्ये मातूर तुला लय चांगलं जमतंय."

कराडला दवाखान्यात पोचायला दिवस मावळला. डॉक्टरीणबाई आधी आम्हां सगळ्यांना रागावल्या, मग बनूला तपासलं. रक्त फार गेलं नाही. दोघी बऱ्या आहेत. दोघी बऱ्या आहेत.

५ फेब्रुवारी

बैलांनी मोटार कराडला ओढून नेली होती. तिथं प्लग पुसून कशीबशी चालू केली आणि दादा आणि मी सांगलीला गेलो — दोघंही पुढं बसून. भाऊसोला कसा फैलावर घ्यायचा ते वाटेत ठरवलं. आधी दादा आवाज चढवणार, मग मी पलटणीचं नाव काढणार.

त्यानं ऐकून घेतलं. अंगणातल्या फरशीवर मोटार लावायला सांगितली. निवू दिली. मग पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर, पार मुठीपर्यंत.

"ह्यात तेल कुणी वतलं?"

मी म्हटलं, "मी थोडं वतलं. कमी दिसत हुतं."

दादा खाली बघून म्हणाला, "म्या बी. बनूसाठनं. म्हटलं, ह्यो कशाला बघतोय."

भाऊसोनं विचारलं, घरी मोटार कुठं उभी करता. छपरात. छपराची जमीन कशी? मोटारीच्या तोंडाकडं चढ, मागं ओढ्याकडं उतार. त्यानं कपाळावरून रुमाल फिरवला. मोटारीचं तोंड वर, म्हणजे आतलं तेल मागं पळणार आणि पट्टीला कमीच लागणार. त्यानं भरलं होतं ते बरोबर होतं. आम्ही दोघं भाऊ एकमेकांच्या चोरून तिला पाजत होतो. दादाचे रिकामे डबे वैरणीत होते, माझे कोंबड्यांच्या खुराड्यामागं.

"तुमी तर म्हणालासा झाकण उघडू नका," मी म्हटलं.

"मग उघडलंसा कशाला?" भाऊसो म्हणाला.

मग तो थबकला. बोट तेलात बुडवून नाकाशी नेलं. "आन् ह्ये काय? करडीचं तेल हाय ह्यात. मोटारीत भजी तळायची हुती का?"

दादानं माझ्याकडं बघितलं, मी दादाकडं. "म्या न्हाई." "मी बी न्हाई." मग एकदम दोघांनाही कळलं. आई. पहाटे आम्ही छपरात जाऊन 'कमी हाय, कमी हाय' पुटपुटायचो ते तिनं ऐकलं असणार. लेकरू रडलं की वाटी लावावी तसं तिनं लावलं. येताना दादा हसून हसून असा झाला की त्याला मोटार बाजूला घ्यावी लागली. पुढं मी चालवली. वाटणीचं कुणी काही काढलं नाही. आईला यातलं विचारायचं नाही असं ठरलं, म्हातारी लाजेल.

७ फेब्रुवारी

न राहवून विचारलंच. आई लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "कमी हाय म्हणून न्हाई वतलं. बंद पडावी म्हणून वतलं. बाजाराच्या दिशी कुठंतरी थांबंल, दोघं उतरून ढकलशीला, ढकलताना तरी एकमेकाला हाक माराल." मग तिचा हात थांबला. "बाजाराच्या दिशी मेली पळत ऱ्हायली. बंद पडली ती माज्या बनूच्या दिशी. तवापास्नं डोळ्याला डोळा न्हाई रं."

मी म्हटलं, "आई, तुज्या पळीनं न्हाई पडली. आमच्या डब्यांनी पडली." तिला पटलं की नाही कळलं नाही. मी शेजारी बसून लसूण सोलू लागलो.